फक्कीची बादली

शॉट अडला. जुनी वेस क्लबची गोलकीपर जास्मिन मुजावर डावीकडे झेपावली, बोटांच्या टोकांनी तिनं बॉल खांबाबाहेर घालवला आणि कोपराची माती झटकत उठली. सगळं स्टेडियम उभं राहिलं, हलगी कडाडली. कॉर्नरसाठी खेळाडू आपापल्या जागा धरत होते, तेवढ्यात जास्मिनचा डावा हात पाठीमागे गेला. मूठ वळली आणि हलकेच उघडली.

उर्मिला सरनाईकच्या हातातला चहा मांडीवर सांडला.

“भाजलं काय गं?” शेजारून संपतकाकांनी विचारलं.

“नाही.”

“न्हाई कसं? वाफ निघालीय की.”

“काका, तिनं आत्ता हातानं काय केलं?”

“काय केलं म्हंजे? गोल वाचवला. आणि खरं सांगू काय, तिनं न्हवं, तुझ्या बानं वाचवला!” हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की मागच्या ओळीकडे वळून त्यांनी ते पुन्हा मोठ्यांदा सांगितलं. मागच्या ओळीनं टाळ्या दिल्या.

संपत मांडरे हे जुनी वेस तालीम मंडळाचे अध्यक्ष. तरुणपणी कोल्हापुरातल्या पेठापेठांच्या सामन्यांत ते फुलबॅक खेळायचे आणि त्यांच्यामागे गोलात उर्मिलाचे वडील, बळवंत सरनाईक, उभे असायचे. आता त्याच तालमीचा मुलींचा संघ देशाच्या महिला लीगमध्ये दुसऱ्या श्रेणीत खेळत होता आणि पहिल्या श्रेणीत चढायची भाषा करत होता. बळवंतराव हंगामाच्या तोंडावर गेले. त्यांच्या वतीनं सत्कार घ्यायला मंडळानं उर्मिलाला पुण्याहून बोलावलं होतं. ती तिथल्या कॉलेजात इतिहास शिकवायची. रोज तासभर बोलणारी बाई. पण इथे शाल अंगावर पडल्यावर तिला ‘नमस्कार’पलीकडे शब्द सुचला नव्हता.

पाठीमागे जाऊन उघडणारी ती मूठ तिची होती. जगात दोनच माणसांना ठाऊक असलेली.

आई नोकरीवर जायची, म्हणून वडील, तिचे आबा, लहान उर्मिलाला मैदानावर घेऊन जायचे. मैदानावर पांढऱ्या रेघा मारायला जी फक्की असायची, तिची रिकामी बादली उपडी घालून डाव्या खांबाशी, जाळीच्या मागे तिला बसवायचे. घरी गेल्यावर फ्रॉकवर मागं पांढरं कडं उमटलेलं दिसायचं आणि आई दोघांनाही बोलायची. अवघड बॉल अडवला की आबा मागं हात करून मूठ उघडायचे. “उर्मे, पोटात गोळा आला की मी तो तुझ्याकडं टाकणार. तू धरायचा. मॅच संपली की परत द्यायचा.” ती तिकडे आपली इवलीशी मूठ आवळायची. पूर्ण मॅचभर ती सुटायची नाही. शेवटची शिट्टी झाली की ती आबांच्या ग्लोव्हजवर मूठ उघडायची आणि आबा म्हणायचे, “मिळाला.”

आणि मग एक दिवस, फ्रॉक सोडून सलवार घालायच्या वयात, तिनं त्यांचे ग्लोव्हज चढवले आणि स्वतः गोलात उभी राहिली. आबांनी दंडाला धरून बाहेर काढलं. “ही बायकांची जागा न्हवं. मागं बस.” त्यानंतर ती मागंही बसली नाही.

आता त्या जागेवर दुसऱ्या कुणाची तरी मुलगी उभी होती, आणि तिच्या पाठीमागे आबांचा हात उघडत होता.

*

“सोपं करून सांगतो,” दिवाण म्हणाले. सुहास दिवाण हे क्लबचे तंत्रज्ञ. स्टेडियमच्या पायऱ्यांखाली त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती. उर्मिला दारापाशीच, बाहेरच्या खुर्चीवर बसली. “पेनल्टीचा बॉल जाळीत पोहोचायला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. डोळ्यांनी बघायचं, मेंदूनं ठरवायचं, पायांना कळवायचं, एवढं होईतो खेळ खलास. म्हणून मुरलेला कीपर बॉल बघून उडी मारतच नाही. शॉट मारणारीनं पाय कसा टेकलाय, खुबा किती वळलाय, यावरून त्याचं शरीर आधीच सुटतं. कसं कळलं विचारा, ‘कळलं’ म्हणतो. त्याला ते शिकवता येत नाही आणि माणूस गेला की ते सरणावर जातं.”

शब्द निसटल्यावर ते थांबले. उर्मिलानं मान हलवली; पुढे बोला.

“स्नायू हलायच्या आधी त्यात विजेची बारीक लहर उठते. आमचा वळणपट्टा ती टिपतो. दंड, मनगट, छाती, मांडी, पोटरी, सगळीकडे पट्टे. तुमच्या वडिलांनी दोन वर्षं ते लावून इथल्या सरावाच्या गोलात किपिंग केलं. त्या वयात झेपावणं नव्हतं, पण लहर तर उठतेच. मग तेच पट्टे जास्मिनला बांधले. समोरून शॉट आला, की ज्या क्षणी त्यांचा स्नायू जागा झाला असता त्याच क्षणी तिच्या स्नायूला नुसती चाहूल द्यायची. महिनोन्‌महिने. हळूहळू तिच्या नसा ते उचलतात. सायकल शिकवताना मागं धरलेला हात आपण सोडतो ना, तसे पट्टे काढायचे. सामन्यात तिच्या अंगावर काही नसतं. लीगला तेवढं चालतं, फक्त माणूस हयात नसेल तर दर हंगामाला वारसाची परवानगी लागते. म्हणजे तुमची. या हंगामाचा कागद हा, सही तेवढी राहिलीय.”

फोनवर आबा म्हणायचे, “हातापायाला तारा लावत्यात, बरं वाटतंय.” तिला वाटलं होतं, फिजिओथेरपी चालू आहे. तिनं कागदावर सही केली.

“आणि ते पाठीमागे हात नेणं?”

“तेही आलं का तुमच्या लक्षात?” दिवाण हसले. “तो कचरा. पट्ट्याला कामाचं काय आणि बिनकामाचं काय, कळत नाही. ते खांबाला टाच घासायचे, ती घासते. ते अंगठ्यानं नाक पुसायचे, तीही पुसते. आम्ही याला कचराच म्हणतो.”

बाहेर कँटीनपाशी जास्मिन उभी होती. ओले केस, हातात वडापाव. उर्मिलाला पाहताच तिनं तो घाईघाईनं मैत्रिणीच्या हातात कोंबला.

“तुम्ही आबांच्या उर्मिलाताई न्हवं? मी गडहिंग्लजची ओ. आबा लई सांगायचे तुमचं.”

“तुम्ही त्यांना आबा म्हणायचात?”

“मग काय म्हणू? सर म्हटलं तर बोलायचेच न्हाईत. पयल्याच दिवशी म्हणाले, ‘म्हशी, पाय हलव, उभ्या उभ्या रवंथ करालीस काय!’” ती खळखळून हसली. “शेवटच्या महिन्यात गुळाचा चहा प्यायचे, मीच करून न्यायची. साखर सोडली म्हणून सांगायचे आणि गूळ दोन खडे.”

उर्मिला हसली नाही. आबा गुळाचा चहा पीत होते हे तिला माहीत नव्हतं. तिला ते कधी म्हैस म्हणाले नव्हते. परक्या मुलीला मिळालेल्या शिवीचाही हेवा वाटू शकतो, हे चाळिशी ओलांडलेल्या बाईला त्या कँटीनपाशी पहिल्यांदा कळलं.

*

पुण्याला परतल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटेल असा नाद लागला. जुनी वेसचा सामना कुठेही असो, ऐजॉलला, जोरहाटला, जालंधरला, ती स्क्रीन लावून बसायची. लीगच्या तिन्ही श्रेण्यांचे तक्ते तिला पाठ झाले. पहिलीतून कोण खाली येतंय, तिसरीतून कोण वर चढतंय. पेपर तपासताना बाजूला सामना चालू असायचा. पण ती सामना बघत नसे. ती गोलामागचा कॅमेरा लागायची वाट बघे. जास्मिननं बॉल अडवला, की हात मागं जाई, मूठ उघडे, आणि समोर कुणीच नसे. जाहिरातीचे फलक आणि त्यामागे रिकामं तारेचं कुंपण. कुणी धरायला नाही, तरी टाकत होती. उधळत होती.

आरशासमोर उभं राहून तिनं एकदा स्वतःचा हात मागं नेऊन पाहिला. जमलं नाही. तिच्याकडे झेलणारी मूठ होती. टाकणारी कधी नव्हतीच.

निमित्त कन्नूरला मिळालं. जास्मिननं शॉट अडवला, बॉल पुढ्यातच पडला, आणि तिचा डावा हात सवयीनं पाठीमागे गेला. तेवढ्या पळात समोरच्या फॉरवर्डनं बॉल आत ढकलला. जुनी वेस हरली.

दुसऱ्या दिवशी उर्मिलानं संपतकाकांना फोन लावला.

“काका, तो हात काढून टाका. दिवाणांना सांगा.”

“एका गोलापायी? पोरगी अख्ख्या हंगामात एवढी उभी ऱ्हायलीय आणि तू...”

“तो कचरा आहे, त्यांनीच सांगितलं. काढणार नसाल तर मी परवानगी मागे घेते. सगळ्याचीच.”

“उर्मे,” संपतकाका म्हणाले, “तुझा बा गोल खाल्ला तरी असं बोलत न्हवता.”

दिवाणांनी सावध केलं. विणीतला एक धागा ओढायचा तर कुठवर उसवेल सांगता येत नाही, म्हणाले. पण उलट्या चाहुलीनं सवय मोडता येते. हात मागं निघाला की त्याला पुढेच धरून ठेवायचं, तो विसरेपर्यंत. जास्मिननं स्वतः व्हिडिओ कॉल केला. उर्मिला वादाची तयारी करून बसली होती.

“माझा हात असं कायतरी करतोय हे मलाच म्हाईत न्हवतं ओ, ताई,” जास्मिन म्हणाली. “व्हिडिओत बघून हसूच आलं. तुमचं असंल तर घ्या काढून. माझं काय जातंय?”

इतक्या सहज दिलं. उर्मिलाला त्याचाच राग आला. भांडून घेतलं असतं तर काही मिळाल्यासारखं तरी वाटलं असतं.

पुढच्या सामन्यांत हात मागं गेला नाही. उर्मिलानं स्क्रीनपुढे समाधानाचा श्वास सोडला. मग जुनी वेस बरोबरीत सुटू लागली. पहिला शॉट जास्मिन पूर्वीसारखाच अडवायची, दुसरा सुटायचा. समालोचक म्हणू लागले, मुलगी दडपणाखाली आहे. कॅमेरा जवळ गेला की तिचे खांदे कानांपर्यंत चढलेले दिसायचे. एकदा तर बॉल घट्ट पोटाशी धरून ती तशीच उभी राहिली, रेफरीनं शिट्टी मारेपर्यंत. उर्मिलानं स्क्रीन बंद केली. थोड्या वेळानं परत लावली.

*

हंगामाचा शेवटचा सामना कोल्हापुरात होता. जिंकलं तर पहिली श्रेणी. नाहीतर होतो तिथेच. पुढच्या हंगामाच्या परवानगीचं बोलायला दिवाणांनी उर्मिलाला सकाळीच प्रयोगशाळेत बोलावलं.

“माझी चूक झाली,” ती आल्याआल्या त्यांनी सांगितलं आणि पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. “ही तुमच्या वडिलांची छाती. शॉट अडवला, ठोके चढले. इथे हात मागं गेला, आणि बघा, ठोके झपकन उतरले. सरावात जास्मिनचंही आधी तसंच व्हायचं. आता हात जात नाही, ठोके उतरत नाहीत. दुसरा बॉल येतो तेव्हा ती अजून पहिल्यातच अडकलेली असते. त्याला मी कचरा म्हणालो. मुळात तेच इंजिन असावं.”

“परत घालता येईल?”

“नमुना आहे. पण पुन्हा मुरायला एक हंगाम जाईल.”

उर्मिलानं नजर वळवली. मागच्या वेळी ती दाराबाहेरच बसली होती. आज पहिल्यांदाच तिला प्रयोगशाळेच्या टोकाचा सरावाचा गोल दिसला. जाळीमागे, डाव्या खांबाशी, पत्र्याची एक बादली उपडी पडलेली होती. बुडाला पांढरं लागलेलं.

“ती कशाला?”

“ती होय? तुमच्या वडिलांची. पहिल्याच दिवशी म्हणाले, फक्कीची बादली आणा. आता फक्की कोण वापरतं? हल्ली मैदानावर रेघा छापूनच येतात. एका शाळेतून मागून आणली. तिथेच, तशीच उपडी ठेवायची. त्याशिवाय गोलात उभे राहायचे नाहीत. आम्ही म्हटलं, तालमीतल्या लोकांचं असतं काहीतरी. कुणी नारळ फोडतं, कुणी लिंबू ठेवतं.” दिवाण आठवून हसले. “एकदा जास्मिन दमून त्यावर टेकायला गेली, तर केवढ्यानं ओरडले! ‘ऊठ! दिसत न्हाई, तिथं बसलंय ते?’ आम्ही म्हटलं, वय झालंय.”

उर्मिला जाळीपाशी गेली.

“एक विचारते. पट्ट्यात त्यांचं जुनं काही येतं का? तरुणपणातलं, पूर्वीच्या सामन्यांतलं?”

“छे. पट्टा लावल्यापासून अंगानं जे केलं तेवढंच. फार तर या दोन वर्षांतलं.”

त्या दोन वर्षांत ती पुण्यात होती. रविवारी फोन करायची; जेवलात का, औषध घेतलं का, ठेवते. आणि इथे, पायऱ्यांखालच्या या खोलीत, तारा लावलेला एक म्हातारा प्रत्येक बॉलनंतर हात मागं करत होता. इतक्या वेळा, की यंत्रानं ते त्याच्या अंगाचंच वळण धरलं.

“ही बादली मी आज घेऊन जाऊ?” तिनं विचारलं.

*

“गोलामागं? बादलीवर?” सामन्याच्या अधिकाऱ्यानं संपतकाकांकडे संशयानं पाहिलं.

“बॉल आणून द्यायला पोरी बसतात न्हवं? ही बी बसंल.”

“यांचं वय...”

“वय काढू नका ओ बायकांचं. बसली तर बसली. बळवंताची लेक हाय ती.”

कोल्हापुरात एवढं कारण पुरतं. उर्मिला डाव्या खांबाशी बसली. बादली तिला लहान होत होती. गुडघे हनुवटीशी आले. जास्मिननं खांबाला टाच घासली आणि मागं वळून तिच्याकडे पाहिलं. चेहरा उतरलेला होता.

पहिल्याच हल्ल्यात तिनं वर आलेला बॉल मुठीनं परतवला. खांदे चढले ते उतरेनात. ग्लोव्हजची बोटं थरथरत होती. आबांची कधी थरथरलेली उर्मिलानं पाहिली नव्हती, कारण ती थरथर आबा तिच्याकडे पाठवून द्यायचे.

“जासू!” तिनं हाक मारली. “हात मागं कर. मूठ वळ आणि सोड.”

“काढलंय न्हवं ते?”

“ते काढलं. तू कर. पोटातला गोळा टाक इकडे. मी धरते.”

जास्मिनला काही उमगलं नसावं. पण समोरून कॉर्नर येत होता आणि विचारायला वेळ नव्हता. तिनं हात मागं केला, शाळेत बळंच कवायत करणाऱ्या पोरीसारखा, आणि तोही उजवा.

“डावा गं, म्हशी!”

जास्मिन गर्रकन वळली. डोळे मोठे झाले, आणि मग तिला हसू फुटलं. डावा हात मागं आला. वेडावाकडाच, आबांची सफाई त्यात नव्हती. मूठ उघडली. उर्मिलानं झडप घालून आपली मूठ आवळली. तिच्या हक्काचं होतं ते, दुसऱ्या कुणी झेलायच्या आत.

जास्मिनचे खांदे खाली आले.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. उर्मिला एका हातात बादली घेऊन मैदानाच्या कडेनं पलीकडच्या गोलाकडे चालत गेली, दुसरी मूठ तशीच मिटलेली. प्रेक्षकांतून शिट्ट्या आल्या. कुणीतरी ओरडलं, “बाई, नळ तिकडं न्हाई!” स्टेडियम हसलं. तिनं मान वर केली नाही.

जास्मिननं सगळं अडवलं. पहिले शॉट अडवले, दुसरे अडवले. शेवटाकडे पेनल्टीसुद्धा अडवली, आणि लगेच हात मागं करून ती पुढच्या बॉलला तयार उभी राहिली. पण जुनी वेसच्या पुढच्या पोरींना पलीकडची जाळी काही सापडली नाही. शिट्टी झाली. शून्य-शून्य. हलगी उगाच दोनदा वाजून बंद पडली.

“चढलो न्हाई,” संपतकाका खाली येत म्हणाले. त्यांनी उर्मिलाकडे पाहिलं. मधल्या बरोबऱ्यांचा हिशेब दोघांनाही माहीत होता. “पडलो बी न्हाई.”

जास्मिन ग्लोव्हज काढत आली. डोळे लाल होते. तिनं उर्मिलाच्या मिटलेल्या मुठीकडे बोट दाखवलं.

“हे काय, ताई? अजून धरलंय?”

“मॅच संपली की परत द्यायचं असतं. आबा मागून घ्यायचे.”

जास्मिननं उघडा तळवा पुढं केला. रुंद, चिवट हात. चिकटपट्टीनं सोललेला अंगठा. आबांसारखा बिलकूल नव्हता. उर्मिला त्याच्याकडे बघत राहिली. बोटं सैल करायला काहीच लागलं नसतं.

“पुढच्या हंगामापर्यंत असू दे माझ्याकडे,” ती म्हणाली.

जास्मिननं क्षणभर तिच्याकडे पाहिलं, तोच तळवा पँटला पुसला आणि बादली उचलून ती आत निघाली. उर्मिला तिच्या मागून चालू लागली.

“उर्मे,” संपतकाकांनी हाक मारली, “मागं फक्की लागलीय बघ, गोलच्या गोल. झटक की.”

“असू दे, काका,” ती म्हणाली.